पावणेसहाची नोंद: जुनाट कंबरदुखी आणि दारू यांवर मोबाइलवरून एकत्र उपचार

पार्श्वभूमी

वय ४७, गोदामात पर्यवेक्षक. सहा वर्षांपूर्वी वजन उचलताना कंबरेत उसण भरली, ती पुरती गेलीच नाही. डाव्या पायात अधूनमधून कळ उतरते. एमआरआयमध्ये एक चकती थोडी सरकलेली दिसत होती, पण शस्त्रक्रिया करावी असे काही नव्हते. या सहा वर्षांत तीन डॉक्टर झाले, दोनदा फिजिओथेरपी सुरू होऊन अर्ध्यावर सुटली. दारू आधी शनिवार-रविवारी होती, ती रोजची झाली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, उपचाराचा क्रम मात्र झाला तसाच ठेवला आहे.

हे गृहस्थ दारू सोडायला आलेच नव्हते, आले होते कंबरेसाठी. "दिवसभर दुखतं ते सहन होतं हो. रात्री घेतली नाही तर झोपच लागत नाही, मग दुसऱ्या दिवशी काम कसं करू?" असे त्यांचे म्हणणे. हे बहाणा म्हणून उडवून लावले तर रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाही. शिवाय त्यात तथ्यही आहे. रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या आसपास गेले की प्रयोगशाळेत दिलेल्या वेदनेची तीव्रता बऱ्यापैकी कमी जाणवते, हे २०१७ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. म्हणजे दारू वेदना दाबते, काही तासांपुरती. अडचण पुढे सुरू होते: तेवढाच आराम मिळायला मात्रा वाढवावी लागते, रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि अल्कोहोल उतरू लागले की मज्जासंस्था वेदनेला आधीपेक्षा जास्त संवेदनशील होते. सकाळचे दुखणे हे कालच्या कामाचे आणि कालच्या ग्लासाचे मिळून असते, पण रुग्णाला त्यातले फक्त काम आठवते.

नेमकी अडचण काय होती

पहिल्या भेटीत त्यांनी "रोज तीन पेग, सुट्टीला चार" असे सांगितले. पेग ६० मिलिलिटरचा आणि दारू ४० टक्क्यांची धरली तर हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले ०.४० गुणिले ०.७८९. म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये ५७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. समुपदेशक मॅडमनी त्यांना घरातल्याच ग्लासात नेहमीसारखे पाणी ओतायला सांगितले आणि ते मापाच्या पेल्यात मोजायला लावले. तीन वेळा ओतले, सरासरी आली ८५ मिलिलिटर. 'तीन पेग' म्हणजे प्रत्यक्षात २५५ मिलिलिटर, ८० ग्रॅम. सुट्टीच्या दिवशी १०७. आठवड्याची सरासरी रोज ८४ ग्रॅम.

हा फरक बारीकसारीक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पुरुषांसाठी दिवसाला ४१ ते ६० ग्रॅम मध्यम धोका, ६१ ते १०० ग्रॅम मोठा धोका. नुसत्या शब्दावर विसंबले असते तर ते एक पायरी खाली मोजले गेले असते आणि दारू कमी करण्याचा वेगही चुकीचा ठरला असता. 'ऑडिट' या दहा प्रश्नांच्या चाचणीत त्यांना ४० पैकी २१ गुण मिळाले. ८ पासून पुढे धोका मानतात, २० पासून पुढे अवलंबित्वाची शक्यता गृहीत धरून तपासणी करतात.

वेदना तीन प्रश्नांच्या पट्टीवर मोजली: गेल्या आठवड्यातील सरासरी दुखणे, आनंदात आलेला अडथळा, रोजच्या कामात आलेला अडथळा. प्रत्येकी ० ते १०, तिन्हींची सरासरी. आली ७.३.

खरी धक्कादायक गोष्ट औषधांच्या पिशवीत होती. ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा. त्याशिवाय वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली जोडगोळी, ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५, दिवसाला दोन. वर जास्त दुखले की डायक्लोफिनॅक. पॅरासिटामॉलची बेरीज ३,२५० मिलिग्रॅम होते. रोज इतकी दारू पिणाऱ्याच्या यकृतासाठी ती फार आहे, अशा रुग्णाला बहुतेक डॉक्टर दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा घालतात. डायक्लोफिनॅक आणि दारू मिळून जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ट्रामाडॉल झटके येण्याचा उंबरठा खाली आणते, आणि दारू अचानक तोडल्यावरही झटक्यांचाच धोका असतो. एकाच माणसात ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

रक्त तपासणीत यकृताची विकरे अशी: एएसटी ८८, एएलटी ४१, जीजीटी १९०. एएसटी एएलटीच्या दुपटीहून जास्त असणे हे दारूकडे बोट दाखवते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन ठीक होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय: आधी व्यसनमुक्ती, मग कंबर. हा रूढ मार्ग. पण दुखणे तसेच ठेवून दारू काढली की रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही, आणि अशा रुग्णांची घसरण बहुधा पहिल्या महिन्यातच होते.

दुसरा: दोन वेगवेगळी अ‍ॅप, एक दारूचे आणि एक वेदनेचे. सोपे आणि बहुतेकदा फुकट. गोची अशी की ती एकमेकांशी बोलत नाहीत. वेदनेचे अ‍ॅप संध्याकाळी सांगते, "आज जास्त दुखतंय, विश्रांती घ्या." दारूचे अ‍ॅप त्याच वेळी सांगते, "तलफ आली असेल तर बाहेर पडा, हालचाल करा." रुग्ण दोन्ही बंद करतो.

तिसरा: रुग्णालयात दाखल करून दारू तोडणे. पूर्वी कधी झटके आले असते, भ्रम झाला असता, सकाळी दारूशिवाय हात थांबत नसते किंवा घरी कोणी नसते, तर हाच एकमेव योग्य पर्याय होता. यांपैकी काहीच नव्हते. सकाळी हलका कंप कधीतरी, घाम नाही, आणि मागे एकदा आजारपणात दोन दिवस दारू बंद असताना झोप न येण्यापलीकडे त्रास नव्हता.

चौथा, जो निवडला: दोन्ही गोष्टी एकत्र विचारणारा १२ आठवड्यांचा मोबाइल कार्यक्रम, त्यामागे आठवड्याला १५ मिनिटांचा समुपदेशकाचा फोन, डॉक्टरांच्या चार आणि फिजिओथेरपिस्टच्या तीन भेटी. मोबाइलवर विश्वास का ठेवायचा, याला थोडा आधार आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ए-चेस' या अ‍ॅपच्या चाचणीत निवासी उपचारातून बाहेर पडलेले ३४९ जण होते. ज्यांना अ‍ॅप मिळाले त्यांचे गेल्या ३० दिवसांतील धोकादायक पिण्याचे दिवस सरासरी १.३९, इतरांचे २.७५. हे लोक दारू आधीच तोडून आलेले होते, आपले गृहस्थ रोज पीत होते. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही. फोन तलफेच्या क्षणी खिशात असतो, एवढाच बोध त्यातून घेतला.

निर्णयाचा आणखी एक मुद्दा ध्येयाचा होता. 'ऑडिट' २१ असताना पूर्ण बंदच सुचवायला हवी, असे टीममधील एकाचे मत होते, आणि ते चूक नव्हते. रुग्ण मात्र "कमी करतो, सोडणार नाही" यावर ठाम. तडजोड लेखी झाली: आठव्या आठवड्याच्या शेवटी सरासरी रोज ४० ग्रॅमच्या खाली आणि आठवड्यात किमान दोन दिवस दारूविना. हे जमले नाही तर पूर्ण बंद आणि त्यासाठीची औषधे यावर पुन्हा बसायचे. तारीख आणि आकडा नसलेले 'कमी करतो' हे ध्येय नसते.

आधी काय काढायचे

औषधांचा क्रम लावण्यात सर्वाधिक वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. दारूची ओढ कमी करणारे नॅल्ट्रेक्सोन सुरू करायचे असेल तर ट्रामाडॉलसारखे ओपिऑइड (अफूच्या वर्गातील वेदनाशामक) बंद होऊन किमान ७ ते १० दिवस व्हावे लागतात, नाहीतर ओपिऑइड तुटल्याचा तीव्र त्रास होतो. दारू आणि ट्रामाडॉल एकाच वेळी कमी केले तर झटक्यांचा धोकाही दोन बाजूंनी वाढतो आणि दुखणेही उसळते. म्हणून ठरले असे:

दिवस १ ते १२: दारू कमी करायची नाही, वाढवायचीही नाही. रोज २५५ मिलिलिटर, सुट्टीलाही तेवढीच, मापाच्या पेल्याने. ट्रामाडॉल आधी रात्रीच्या एका गोळीवर, मग बंद. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद, त्याऐवजी लावायचे जेल. पॅरासिटामॉल सगळे मिळून २ ग्रॅमच्या आत. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) रोज १०० मिलिग्रॅम.

दिवस १४ पासून: दर पाच दिवसांनी ३० मिलिलिटर कमी. ४० टक्क्यांच्या दारूत ३० मिलिलिटर म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम. पाच पायऱ्यांत २५५ वरून १०५ मिलिलिटर, म्हणजे ३३ ग्रॅम.

दिवस २४: नॅल्ट्रेक्सोन २५ मिलिग्रॅम, चार दिवसांनी ५०.

"दारू आहे तेवढीच प्या" हे डॉक्टरांकडून ऐकून रुग्ण चकित झाला, पत्नी तर चिडलीच. त्यांना बोलावून क्रमाचे कारण समजावून सांगावे लागले. घरातल्या माणसाला हे आधी सांगितले नाही तर बाटली त्याच रात्री मोरीत ओतली जाते, आणि अचानक तुटलेली दारू हाच या सगळ्यातला जीवघेणा भाग आहे. दारू तुटल्याचा त्रास ६ ते २४ तासांत सुरू होतो, झटके ६ ते ४८ तासांत येऊ शकतात, भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत. अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर लाल पट्टी ठेवली: झटका, नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे, गोंधळलेपणा, न थांबणाऱ्या उलट्या, रक्ताची उलटी, तसेच लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातील ताकद जाणे. यांपैकी काहीही झाले तर नोंद वगैरे सोडून थेट रुग्णालय. ती पट्टी इंटरनेट नसतानाही दिसली पाहिजे, हे आधीच तपासून घेतले.

अ‍ॅपमध्ये रोज काय होते

दोन नोंदी, प्रत्येकी एका मिनिटाच्या आत. सकाळी: काल किती मिलिलिटर, किती वाजता पहिला घोट, रात्री किती वेळा जाग, आत्ता दुखणे किती, कालच्या गोळ्या. संध्याकाळी: दुखणे, तलफ, थकवा, 'आज रात्री दुखेल अशी भीती' असे चार आकडे ० ते १०, आणि आजचा बेत.

हा 'भीती' चा प्रश्न फिजिओथेरपिस्टच्या आग्रहाने घातला. तो पुढे फार उपयोगी पडला.

आठवड्याला पंधरा मिनिटांचा एक पाठ. पहिले दोन पाठ कामाच्या वेळापत्रकाचे. त्यांची सवय अशी की बरे वाटले की सगळे उरकायचे आणि मग दोन दिवस आडवे व्हायचे. उभे राहण्याची मुदत तीन वेळा मोजली: २२, ३१, १९ मिनिटे. सरासरी २४, त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे १९. गजर १९ मिनिटांवर लावला आणि तो वाजला की दुखो न दुखो, तीन मिनिटे बसायचे किंवा चालायचे. दुखण्याची वाट पाहून बसायचे नाही, यात सगळी मेख आहे. आठवड्याला दहा टक्क्यांनी मुदत वाढवायची. चालणे दिवसातून दोनदा सात मिनिटांनी सुरू.

बाकीचे पाठ झोपेचे, तलफेच्या लाटेचे, 'असे झाले तर असे करीन' या बेतांचे. बेत जितका ठोस तितका चालतो. "तलफ आली तर मन वळवीन" याचा उपयोग नाही. "घरी पोचलो की कपडे बदलायच्या आधी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून दहा मिनिटे जमिनीवर पडीन" हा त्यांनी स्वतः लिहिलेला बेत शेवटपर्यंत टिकला.

पहिले तीन आठवडे: काय बिघडले

संध्याकाळची नोंद आठ वाजता ठेवली होती. ती जवळपास रोज चुकत होती किंवा "सगळं ठीक" अशी येत होती. सकाळच्या नोंदीतील पहिल्या घोटाची वेळ पाहिली तेव्हा कारण कळले: सरासरी सात वाजून पाच मिनिटे. आठला प्रश्न विचारला जाई तेव्हा दुसरा ग्लास हातात असे. नोंद पावणेसहाला आणली, काम सुटायच्या पंधरा मिनिटे आधी. हा बदल बाकी सगळ्या पाठांपेक्षा मोलाचा ठरला, असे माझे मत आहे. उपचाराची वेळ तलफेच्या आधी असते, ऐन तलफेत माणसाला वाचायला सुचत नाही.

दुसरे बिघाड साधे, तांत्रिक. दुसऱ्या आठवड्यात १४ पैकी ९ सूचना फोनवर पोचल्याच नाहीत. डॅशबोर्डवर ते 'रुग्णाने उत्तर दिले नाही' असे दिसत होते आणि समुपदेशकाच्या फोनचा सूर नकळत जाब विचारण्याचा झाला होता. फोनची बॅटरी-बचत व्यवस्था मागे चालणारे अ‍ॅप झोपवत होती. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे निर्बंध काढले, अचूक गजराची परवानगी दिली, आणि वीस मिनिटांत नोंद न आल्यास साधा एसएमएस जाईल असे केले. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगीही अ‍ॅपला वेगळी मागावी लागते, घाईत 'नको' दाबले गेले तर सगळे गप्प होते. पहिल्या भेटीत पाच मिनिटे रुग्णाचा फोन हातात घेऊन हे बघणे हा उपचाराचाच भाग समजावा.

तिसरे नाजूक होते. "काल किती घेतली?" ही सूचना कुलूपबंद पडद्यावर पूर्ण दिसायची, आणि ती घरातल्या शाळकरी मुलीने वाचली. त्यांनी त्या दिवशी अ‍ॅप काढून टाकले. दुसऱ्या दिवशीच्या फोनमध्ये हे कळले. सूचनेचा मजकूर "आजची नोंद बाकी" एवढाच केला, अ‍ॅपला वेगळा पिन दिला, चिन्ह बदलले. अ‍ॅप परत आले. ठिकाणावरून सूचना देण्याची सोय, म्हणजे दुकानाजवळ आले की फोन वाजणे, त्यांनी नाकारली होती. पाळत ठेवल्यासारखे वाटते, म्हणाले. आग्रह केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वेदनेचा गुण ७.३ वरून ७.७ वर गेला. ट्रामाडॉल गेलेले, दारूची पहिली पायरी उतरलेली, झोप विस्कटलेली. "मी म्हणत होतो ना" हे वाक्य फोनवर आले. हे अपेक्षितच असते: दोन दाबणाऱ्या गोष्टी काढल्या की दोन-तीन आठवडे दुखणे चढते. कार्यक्रमात हे लिहिलेले होते, पण सहाव्या पाठात. तिथवर पोचण्याआधीच माणूस सोडून जातो.

याच आठवड्यात अ‍ॅपमधील शरीराच्या आकृतीवर त्यांनी दोन्ही तळवे रंगवले. "हे तर बरेच दिवस जळजळतात, कंबरेचंच असेल म्हणून बोललो नाही." तपासणीत पायाच्या अंगठ्याशी ट्यूनिंग फोर्कचे कंपन कमी जाणवत होते, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंद. साखर आणि बी-१२ ठीक. खुब्याचा सांधा फिरवून पाहिला, दुखला नाही. जास्त पिणाऱ्यांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ते दुखणे कंबरेच्या नावावर खपते, म्हणून हे पाहायचेच. निष्कर्ष: कंबरेसोबत दारूमुळे झालेला नसांचा आजार. म्हणजे ज्या दुखण्यासाठी पीत होते त्याचा एक भाग पिण्यातूनच येत होता. ते त्यांना सांगितले, पण "दारू सोडा, दुखणं जाईल" असे वचन दिले नाही. नसा सुधारल्या तरी महिने लागतात, काही वेळा पुरत्या सुधारत नाहीत. खोटे वचन आठव्या आठवड्यात उघडे पडते.

नसांच्या दुखण्यासाठी ड्युलॉक्सेटिनचा विचार झाला आणि यकृताच्या तपासण्या सुधारेपर्यंत बाजूला ठेवला. भरपूर पिणाऱ्यांत त्याने यकृताला इजा होण्याचा इशारा आहे. गॅबापेंटिनही थांबवले, कारण दारूसोबत त्याची गुंगी आणि श्वास मंदावणे वाढते.

आलेख कसा वाचला

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ३५ सकाळींच्या नोंदी जमल्या. सॉफ्टवेअरने परस्पर निष्कर्ष काढून दिला: जास्त प्यायलेल्या रात्रीनंतर सकाळचे दुखणे जास्त. हा निष्कर्ष तसाच रुग्णाला दाखवणे चूक ठरले असते. दारू आठवड्यागणिक उतरत होती आणि व्यायामही आठवड्यागणिक वाढत होता, मग श्रेय कुणाला द्यायचे? म्हणून समुपदेशकांनी एकाच आठवड्यातले दिवस एकमेकांशी ताडून पाहिले. मर्यादा ओलांडलेल्या रात्री बहुतेक शनिवारच्या होत्या. त्यानंतरची सकाळ त्याच आठवड्यातल्या इतर सकाळींपेक्षा एक ते दीड गुणाने वाईट, आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास जाग जवळपास दर वेळी. रविवारी काम नसूनही.

उलट दिशेचा प्रश्न अधिक रंजक निघाला. संध्याकाळचे दुखणे आणि त्या रात्रीची दारू यांचा मेळ अगदी सैल होता. दुखणे ८ असून मर्यादेत राहिलेले दिवस होते, ४ असून ओलांडलेले होते. घट्ट मेळ होता तो भीतीच्या आकड्याशी. 'आज रात्री दुखेल' ७ च्या वर गेले की मर्यादा तुटायची. ते दुखते म्हणून पीत नव्हते, दुखेल म्हणून पीत होते.

फोनवर आलेख समोर ठेवून त्यांनाच विचारले, "यात तुम्हाला काय दिसतं?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, "शनिवारी माल उतरतो, तेव्हा मी आधीच घाबरलेला असतो." त्यावरून शनिवारचा वेगळा बेत झाला: माल उतरताना गजर १९ ऐवजी १२ मिनिटांवर, घरी येण्याआधी पाठीला शेक, आणि पावणेसहाच्या नोंदीत भीती ७ च्या वर आली तर अ‍ॅप तीनच बटणे दाखवेल: जमिनीवर दहा मिनिटे, चालणे, समुपदेशकाला "फोन करा" असा निरोप. आधी तिथे अकरा पर्याय होते. अकरा पर्याय म्हणजे एकही नाही.

सातव्या आठवड्यातील घसरण

मर्यादेत राहिलेल्या दिवसांची सलग साखळी १६ वर पोचली होती. एका कौटुंबिक भांडणानंतर एका रात्रीत ३०० मिलिलिटरहून जास्त झाली. अ‍ॅपने साखळी शून्यावर आणली आणि लाल चिन्ह दाखवले. पुढचे चार दिवस नोंद नाही. त्याहून विचित्र गोष्ट अशी की कोऱ्या दिवसांना गणितात शून्य मिलिलिटर धरले गेले आणि आठवड्याच्या शेवटी "शाब्बास, चार दिवस दारूविना!" असा संदेश गेला. ते चार दिवस पिण्याचेच होते.

दोन्ही गोष्टी अ‍ॅप बनवणाऱ्यांकडून बदलून घेतल्या. कोरा दिवस 'माहीत नाही' म्हणून वेगळ्या रंगात, आणि सलग साखळीऐवजी एकूण बेरीज: "४९ पैकी ३७ दिवस मर्यादेत". एका रात्रीने बेरीज पुसली जात नाही. दोन नोंदी सलग चुकल्या की समुपदेशकाला इशारा जाईल, हेही तेव्हा जोडले. या फोनचे पहिले वाक्यही ठरवून घेतले: "कसे आहात, झोप लागतेय का?" किती प्यायलात हा प्रश्न मागाहून.

निष्पत्ती

आठव्या आठवड्याची अट थोडक्यात पार झाली: सरासरी ३८ ग्रॅम, दारूविना दोन दिवस. बाराव्या आठवड्यात चार दिवस साधारण १३० मिलिलिटर आणि तीन दिवस काहीच नाही, म्हणजे सरासरी रोज २३ ग्रॅम. मोठ्या धोक्याच्या गटातून दोन पायऱ्या खाली. वेदनेचा गुण ४.७, म्हणजे ३६ टक्क्यांनी कमी. ३० टक्क्यांचा फरक रुग्णाला जाणवणारा मानतात. यातला जास्त उतार कामातील अडथळ्याच्या आकड्यात होता, दुखण्याची तीव्रता त्यामानाने कमी उतरली. तळव्यांची जळजळ जवळपास तशीच. जीजीटी ९२. ट्रामाडॉल आणि डायक्लोफिनॅक बंदच.

सहा महिन्यांनी सरासरी ३४ ग्रॅमवर चढली होती, दारूविना दिवस दोनवर आले होते, वेदना ५.०. नॅल्ट्रेक्सोन चालू होते. मधल्या काळात शनिवारचा बेत सुटला होता, तो पुन्हा लावला.

यात अ‍ॅपचा वाटा किती, नॅल्ट्रेक्सोनचा किती आणि दर आठवड्याच्या फोनचा किती, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

दुखणे चढण्याची सूचना पहिल्याच दिवशी, तारखेसकट द्यायला हवी: "अमुक तारखेपासून दोन-तीन आठवडे जास्त दुखेल, मग उतरायला लागेल." तारीख दिली की तोच त्रास अपयश न वाटता ठरल्याप्रमाणे चालल्याची खूण वाटतो.

तळव्यांची तपासणी पहिल्या भेटीतच व्हायला हवी होती. रोज पिणाऱ्याच्या कोणत्याही दुखण्यात ट्यूनिंग फोर्क आणि घोट्यावरचा हातोडा यांना दोन मिनिटे लागतात.

पिण्याची नोंद सर्वस्वी रुग्णाच्या शब्दावर होती. जीजीटी ढोबळ आहे, इतर कारणांनीही वाढते. रक्तातील फॉस्फॅटिडिल इथेनॉल ही तपासणी मागच्या दोन ते चार आठवड्यांतील पिणे दाखवते. ती सुरुवातीला आणि बाराव्या आठवड्यात, रुग्णाला आधी सांगून करावी. पकडण्यासाठी केली तर नोंदी तिथेच संपतात.

बाराव्या आठवड्यानंतर अ‍ॅप एकदम थांबले, हाही सहा महिन्यांच्या चढाचा एक भाग असावा. रोजची नोंद आठवड्यातून दोन दिवसांवर आणावी, त्यातला एक शनिवार, आणि फोन महिन्याला एक असे किमान आणखी तीन महिने चालवावे. शनिवारची पावणेसहाची सूचना मात्र रुग्ण स्वतः बंद करेपर्यंत चालू ठेवावी.